भुसावळच्या मे महिन्यात सोलरचे युनिट का वाढत नाहीत?

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांना नमस्कार. आमच्या गच्चीवर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचे सोलर बसले, योजनेचे ७८ हजार रुपयांचे अनुदानही खात्यात जमा झाले. तेव्हापासून इन्व्हर्टरच्या ॲपवर दिसणारा रोजच्या युनिटांचा आकडा वहीत उतरवून ठेवायची मला सवय लागली आहे. हा प्रश्न त्या वहीतूनच निघाला आहे.

भुसावळचा मे महिना कसा असतो हे इथे कोणाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. एवढे ऊन असताना वर्षातली सगळ्यात जास्त वीज मे महिन्यातच मिळणार, असे आम्ही घरचे सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मार्चमधल्या स्वच्छ दिवशी १४ युनिटांच्या आसपास मिळतात आणि मे महिन्यात दिवस मोठा झालेला असूनही तितकेच, किंबहुना थोडे कमीच मिळतात. शिवाय पॅनल ३ किलोवॉटचे असताना ॲपवर दुपारी बारा वाजतासुद्धा ३ चा आकडा दिसत नाही, २.३ किंवा २.४ च्या वर तो सरकत नाही. बसवून देणाऱ्याला विचारले तर "सगळ्यांचे असेच असते" एवढेच उत्तर मिळाले.

मी नववीला विज्ञान शिकवते. १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी मुलांकडून घोषवाक्ये म्हणवून घेण्याऐवजी आपल्या खान्देशातल्या विजेची खरी माहिती त्यांच्यापुढे ठेवावी असे मनात आहे. वर्गातला एक मुलगा दिवाळीच्या सुटीत मामाच्या गावी साक्रीकडे गेला होता. तिथल्या बहुतेक पवनचक्क्या नुसत्या उभ्या होत्या, त्या बिघडल्या होत्या का, असे त्याने विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. पाटीवर लिहिलेले किलोवॉट-मेगावॉट आणि हाती पडणारे युनिट यांच्यात एवढे अंतर का पडते, हे जाणकारांनी उलगडून सांगितले तर फार उपयोग होईल.

जुना वायरमन (जळगाव)

ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचे पॅनल ठणठणीत आहेत असेच दिसते, तेव्हा काळजी नसावी. सोलरच्या पॅनलला उजेड लागतो, उष्णता लागत नाही. उलट उष्णतेने त्याचे काम मंदावते. सिलिकॉनचा सेल जितका तापेल तितका त्याचा व्होल्टेज उतरत जातो. प्रवाह त्याच वेळी किंचित वाढतो, पण व्होल्टेजची घट त्याहून बरीच मोठी असल्यामुळे एकूण वीज कमीच होते.

पॅनलवर लिहिलेले वॉट कारखान्यातल्या चाचणीचे असतात. दर चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश, अशी जगभर मान्य झालेली अट त्या चाचणीला असते. आता भुसावळच्या गच्चीचा विचार करा. उन्हात पडलेला पॅनल हवेपेक्षा साधारण २० ते ३० अंशांनी जास्त तापतो, म्हणजे हवा ४३ अंशांवर असेल तर सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत सहज पोहोचतो. सध्याच्या पॅनलमध्ये २५ अंशांच्या वरच्या दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते. ६८ अंश धरले तर २५ च्या वर ४३ अंश झाले, आणि ०.३५ ने गुणले की १५ टक्के वीज केवळ तापण्यात गेली. जानेवारीच्या दुपारी तोच पॅनल ५० अंशांच्या आसपास राहतो आणि तेव्हाची घट ९ टक्क्यांवर थांबते. तुमच्या पॅनलच्या माहितीपत्रकात हा घटीचा आकडा उणे चिन्हासह छापलेला असतो, तो मुलांना अवश्य दाखवा. यात काचेवरच्या धुळीचे आणि इन्व्हर्टरमधल्या नुकसानीचे आणखी पाच-सहा टक्के मिळवा, म्हणजे ३ च्या जागी २.४ का दिसतात ते उलगडेल.

दुसरे कारण मला जास्त गमतीचे वाटते, कारण ते आपल्या भूगोलाशी जोडलेले आहे. भुसावळ-जळगाव साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे आणि आपल्याकडे पॅनल बहुधा तेवढ्याच कोनात दक्षिणेकडे कलते बसवतात, म्हणजे वर्षभराचा मेळ बसतो. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो आणि दुपारी त्याचे किरण अशा पॅनलवर थेट काटकोनात पडतात. मेच्या अखेरच्या आठवड्यात मात्र सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. उभी काठी रोवली तर दुपारी तिची सावली पडत नाही. काठीची सावली जाते, पण दक्षिणेकडे कललेल्या पॅनलवर तेच किरण २१ अंश तिरपे पडतात आणि साधारण सात टक्के प्रकाश त्यातच कमी होतो. त्याशिवाय मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेकडेच मावळतो, त्यामुळे वाढलेल्या दिवसातला सकाळ-संध्याकाळचा काही वेळ किरण पॅनलच्या पाठीवरच पडत राहतात. दिवस मोठा झाल्याचा फायदा या सगळ्यात बराचसा खर्ची पडतो. शून्य सावलीचा प्रयोग शाळेच्या मैदानात सहज होण्यासारखा आहे. फक्त तेव्हा सुटी असते, ही अडचण आहे.

धुण्याबद्दल दोन शब्द. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वावटळी उठतात आणि काचेवर बारीक मातीचा थर बसतो. पॅनल पहाटे किंवा सकाळी लवकर, काच थंड असताना धुवावेत; तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी मारू नये. बोअरचे जड पाणी काचेवर तसेच वाळू देऊ नये, कारण त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग पुढे निघता निघत नाहीत. नळाचे पाणी घ्यावे आणि मऊ फडक्याने लगेच निपटून काढावे. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगलेला असेल तर तो सावलीत हलवून घ्या, कारण तापलेला इन्व्हर्टर स्वतःला सांभाळण्यासाठी वीज कमी करतो.

साक्रीकर

ताई, तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की त्याचे निरीक्षण बरोबर आहे आणि पवनचक्क्या बिघडलेल्या नव्हत्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमका दिवाळीच्या सुटीत, आमच्याकडचा वारा वर्षातला सर्वांत मंद असतो.

वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठ पट होते, आणि वेग निम्म्यावर आला की आठवा हिस्सा उरतो. सेकंदाला ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात जोमाने चालणारे यंत्र ४ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम फिरते आणि ३ मीटरच्या खाली थांबते. पाटीवरची पूर्ण क्षमता मिळायला सेकंदाला १२ मीटरच्या आसपास वारा लागतो, आणि २५ मीटरच्या पुढे गेला तर पाती मोडू नयेत म्हणून यंत्र आपणहून बंद होते. एवढ्या थोड्या टप्प्यात सगळे काम असल्यामुळे वर्षातले थोडेच महिने यंत्र भरात असते. ते महिने म्हणजे जून ते सप्टेंबर. नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्री ओलांडून साक्रीच्या पठारावर, ब्राह्मणवेलच्या बाजूला येतो तेव्हा माळावर उभे राहून एकमेकांशी बोलताही येत नाही, आणि वर्षभरातली निम्म्याहून अधिक पवनवीज या चार महिन्यांतच निघते.

वाऱ्यातली सगळी ऊर्जा कधीच काढता येत नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्येच दाखवून दिले की पात्याला कितीही उत्तम आकार दिला तरी ५९.३ टक्क्यांच्या पुढे जाता येणार नाही, कारण पात्यातून गेलेल्या हवेला पुढे सरकण्यापुरता वेग शिल्लक ठेवावाच लागतो; ती तिथेच थांबली तर मागून येणाऱ्या हवेला वाट मिळणार नाही. नववीच्या मुलांना हे पटकन समजते, असा माझा अनुभव आहे.

मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ झाकोळलेले असते आणि सोलरचे युनिट खाली येतात, तेव्हाच वारा जोरात असतो. हिवाळ्यात वारा पडतो तेव्हा ऊन स्वच्छ असते. आमच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याच तालुक्यात पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. एकाच माळावरची ही दोन्ही साधने ऋतूंप्रमाणे एकमेकांची उणीव भरून काढतात. खान्देशाला दुष्काळी म्हणून हिणवणाऱ्यांनी हा माळ एकदा श्रावणात येऊन पाहावा.

तापीकाठ (भुसावळ)

काका आणि साक्रीकर भाऊ, मनापासून आभार. दक्षिणेकडे कललेल्या पॅनलचा आणि शून्य सावलीचा असा संबंध असेल हे ध्यानातच आले नव्हते. आता मार्चपासूनचे आकडे नव्या नजरेने पाहते आहे.

पुढचा प्रश्न मुले विचारणारच, म्हणून तो मीच विचारून ठेवते. रात्री आमचे पंखे आणि कूलर चालतात तेव्हा गच्चीवरचे सोलर झोपलेले असते. ती वीज येते कुठून? आमच्या घरापासून दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात, ती वीज तिथलीच असे समजायचे का? देशाची निम्मी वीज आता कोळशाविना होते असे वर्तमानपत्रात वाचले होते, मग ही धुराडी अजून का लागतात?

बाष्पक (भुसावळ)

ताई, वीज एकाच मोठ्या जाळ्यातून येते, त्यामुळे अमुक घराची वीज अमुक केंद्रातली असे बोट दाखवून सांगता येत नाही. रात्रीच्या विजेत कोळशाचा वाटा सर्वांत मोठा असतो, एवढे मात्र नक्की. वर्तमानपत्रातली बातमी खरी होती, पण ती क्षमतेची होती. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मा वाटा सौर, पवन, जल, अणू अशा कोळसा-वायू सोडून असलेल्या साधनांचा झाला. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या युनिटांत मात्र कोळशाचा वाटा अजूनही सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नातली पाटी आणि युनिट यांची तफावत देशाच्या पातळीवरही अशीच दिसते.

आपल्याच भागातली दोन उदाहरणे घेऊन आकडेमोड करून पाहा. एक किलोवॉट तासभर चालले की एक युनिट, आणि एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट. साक्रीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षातले ८७६० तास पूर्ण क्षमतेने चालला असता तर साधारण ११० कोटी युनिट निघाले असते. पण रात्र, ढग आणि उष्णता जमेस धरून अशा प्रकल्पाला आपल्याकडे १९ टक्क्यांच्या आसपास उतारा मिळतो, म्हणजे सुमारे २१ कोटी युनिट. दीपनगरचा ५०० मेगावॉटचा एक संच वर्षभर सरासरी ७० टक्के भाराने चालवला तर ३०० कोटींच्या वर युनिट निघतात. क्षमता चौपट आहे, युनिट मात्र जवळजवळ पंधरा पट पडतात. यावरून सौर प्रकल्प कुचकामी ठरत नाही, कारण त्याला कोळसा लागत नाही, राख होत नाही आणि तापीचे पाणीही फारसे लागत नाही. फक्त दोन केंद्रांची तुलना मेगावॉटने करू नये, युनिटांनी करावी.

कोळशाच्या बाजूचा हिशेबही मुलांना सांगा. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी ऊर्जा. ती मिळवण्यासाठी जुन्या पद्धतीच्या संचात साधारण २४०० किलोकॅलरीचा कोळसा जाळावा लागतो, म्हणजे उष्णतेच्या जेमतेम ३६ टक्के भागाची वीज होते आणि उरलेली उष्णता शीतक मनोऱ्यातून वाफेच्या रूपाने आणि धुराड्यातून हवेत जाते. आपला देशी कोळसा धरला तर एका युनिटामागे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आणि त्यात ३० ते ४० टक्के राख असते. ही राख आता सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये वापरतात. दीपनगरचा नवा ६६० मेगावॉटचा संच सुपरक्रिटिकल आहे. त्यात पाणी २२१ बारपेक्षा जास्त दाबाखाली आणि ३७४ अंशांच्या पुढे तापवतात, तिथे पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. जितक्या जास्त तापमानाची वाफ, तितका उष्णतेचा मोठा भाग वीज होतो, म्हणून तेवढ्याच युनिटांना कोळसा कमी लागतो.

या केंद्राने भुसावळच्या कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत, आणि इथल्या कामगारांविषयी मला नितांत आदर आहे. म्हणूनच माझे प्रामाणिक मत असे, की दिवसा सौरवीज भरपूर असताना कोळशाचे संच हळू चालवावेत आणि तो कोळसा रात्रीसाठी राखावा. जुन्या संचांना भार असा वर-खाली करताना त्रास होतो, दुरुस्त्या वाढतात. पण यापुढच्या काळात त्यांचे मुख्य काम तेच राहणार आहे.

केळीवाला (रावेर)

इथे घरच्या विजेची चर्चा चालू आहे, पण आमच्या रावेर-यावल पट्ट्यात वीज खरी जाते ती पाणी उपसण्यात. शाळेतल्या मुलांमध्ये शेतकऱ्यांची पोरे बहुसंख्य असतील, म्हणून हा हिशेब त्यांना नक्की आपला वाटेल.

एक एकर केळी, पाच बाय पाच फुटांची लागवड, म्हणजे साधारण १७५० झाडे. एप्रिल-मेमध्ये ठिबकवर एका झाडाला रोज २० लिटर पाणी धरले तर एकराला ३५ हजार लिटर झाले. पाणी १०० मीटरवरून उचलायचे आणि ठिबकच्या दाबासाठी वर १० मीटर धरायचे. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला भौतिकशास्त्राच्या नियमाने साडेदहा युनिट पुरेसे आहेत. पण मोटर, पंप आणि पाइप मिळून एकूण कार्यक्षमता ४० टक्के असली, जी आमच्याकडे फारशी वाईट मानली जात नाही, तर रोज २६ युनिट लागतात. चांगला पंप आणि योग्य पाइप घेऊन ती ५५ टक्क्यांवर नेली तर १९ युनिटांत तेच काम होते. पाणी खोल गेले की तेवढ्याच पिकाला वीज वाढत जाते, आणि आमच्या पट्ट्यात बोअर खोल खोल जात आहेत हे दुखणे सगळ्यांना ठाऊक आहे.

पाइपमध्ये किती वीज मुरते याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तेवढेच पाणी न्यायचे असताना तीन इंची पाइपाऐवजी अडीच इंची टाकला तर घर्षणाचा तोटा जवळजवळ अडीच पट होतो, कारण व्यास घटला की हा तोटा त्याच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. दुकानात पाइपाचे चार पैसे वाचतात आणि पुढची पंधरा वर्षे मोटर ते फेडत राहते.

कोणी म्हणेल, २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला बिलच येत नाही, मग युनिट कशाला मोजायचे? वीज फुकट असली तरी ती चोवीस तास नसते. आठ-दहा तासांची पाळी मिळते, त्यातली पुष्कळदा रात्रीची, आणि त्या वेळात जेवढे पाणी निघेल तेवढेच केळीला मिळते. पंप चांगला असेल तर तेवढ्याच वेळात जास्त झाडे भिजतात, म्हणून आम्ही कार्यक्षमता रुपयांत न मोजता पाण्यात मोजतो.

रात्रीच्या पाळीचा आणखी एक त्रास आहे. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाइन येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरुवातीला प्रत्येक मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, व्होल्टेज कोसळतो आणि डीपी, म्हणजे शिवाराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळतो. मग नवा डीपी येईपर्यंत केळीची पाने पिवळी पडताना बघत बसावे लागते. ऑटोला काही मिनिटांचा विलंब लावला आणि प्रत्येकाने तो वेगवेगळा ठेवला तरी डीपीवरचा ताण बराच उतरतो. आमच्या एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून असे ठरवून घेतले आहे आणि ते पाळलेही जाते.

सौर कृषिपंपाने हा रात्रीचा प्रश्न मुळातच मिटतो. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. मात्र फार खोल बोअर असेल तर आधी उंचीचा हिशेब करूनच अर्ज भरावा, नाहीतर पाणी कमी पडते. वायरमन काका, मोटारीला कॅपॅसिटर लावल्याने खरेच काही फरक पडतो का, यावर आपले मत वाचायला आवडेल.

अस्तंभा (धडगाव)

सगळ्यांचे वाचतो आहे. मुलांना खान्देशाची वीज सांगायची असेल तर सातपुड्यातल्या आमच्या बाजूचीही एक गोष्ट त्यात असू द्या.

धडगाव तालुक्यात बिलगाव आहे, उदई नदीच्या काठी. विजेच्या तारा तिथे पोहोचल्या नव्हत्या, तेव्हा गावकऱ्यांनी श्रमदान करून आणि केरळातून आलेल्या तंत्रज्ञांची मदत घेऊन नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. २००३ मध्ये त्या विजेवर पाड्यांतले दिवे लागले. पुढे सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी तिथवर आले आणि तो प्रकल्प बुडाला. ज्या धरणात तो बुडाला त्याची क्षमता १४५० मेगावॉट आहे आणि तिथल्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे.

धरणाच्या विजेचा एक गुण मी नाकारत नाही. दार उघडले की काही मिनिटांत यंत्रे पूर्ण भार घेतात, त्यामुळे संध्याकाळी सूर्य मावळताच वाढणारी मागणी जलविद्युत चटकन उचलू शकते. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजगृहाची सहा यंत्रे तर उलटीही फिरू शकतील अशा बांधणीची आहेत. म्हणजे दिवसा जास्तीच्या विजेने खालचे पाणी वर चढवायचे आणि रात्री ते सोडून वीज घ्यायची. रात्रीचे पंखे सौरविजेवर चालवण्याचा हा एक मार्ग आहे. पण अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या ज्या गावांनी त्यासाठी जमीन दिली, त्यांची नावेही त्याच तासाला फळ्यावर लिहिली जावीत, असे मला मनापासून वाटते.

आज आमच्या पाड्यांवर छतावरच्या लहान पॅनलवर दिवे लागतात. एलईडी आला नसता तर हे शक्य झाले नसते. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड देई, साधारण तेवढा ९ वॉटचा एलईडी देतो. जुन्या बल्बमध्ये विजेचा फार मोठा भाग नुसती उष्णता होऊन जात असे. एवढ्याशा पॅनलवर चार खोल्या उजळतात त्या यामुळेच.

जुना वायरमन (जळगाव)

अस्तंभा भाऊ, बिलगावची गोष्ट सांगितलीत हे फार चांगले केलेत.

केळीवाले दादा, कॅपॅसिटरने फरक नक्की पडतो. मोटर फिरवण्यासाठी लागणाऱ्या प्रवाहाखेरीज तिचे चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी आणखी प्रवाह तारेतून ये-जा करत असतो. कॅपॅसिटर तो जागच्या जागी पुरवतो, त्यामुळे तारेतला आणि डीपीतला एकूण प्रवाह कमी होतो, व्होल्टेज सुधारतो आणि मोटर कमी तापते. एकट्याने लावला तर जाणवत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर महिनाभरात जाणवेल. मोटारीच्या अश्वशक्तीला शोभेल त्याच मापाचा घ्या, आणि फुगलेला दिसला की लगेच बदला.

ताई, तुमच्या पंख्यांबद्दल. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटारीचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॉटच्या आसपास घेतो. असे चार पंखे रोज १५ तास चालले तर दिवसाला २.७ युनिटांचा फरक पडतो. तुमचे ३ किलोवॉटचे सोलर चांगल्या दिवशी १४ युनिट देते, त्या हिशेबाने चार पंखे बदलणे म्हणजे गच्चीवर अर्ध्या किलोवॉटहून अधिक पॅनल वाढवण्यासारखे झाले, आणि हा फायदा रात्रीही मिळतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे स्टार लेबल सक्तीचे आहे, तेव्हा नवीन घेताना ते बघूनच घ्या.

कूलर तर आपल्या हवेसाठीच जन्माला आलेले यंत्र आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता शोषून घेते. तासाला दहा लिटर पाणी उडवणारा कूलर या हिशेबाने दोन टनांच्या एसीएवढी उष्णता ओढतो आणि वीज खातो ती पंखा व छोट्या पंपापुरती, साधारण २०० वॉट. मात्र सगळी थंडाई खोलीत टिकत नाही, आणि समोरची खिडकी उघडी ठेवून दमट हवेला बाहेर जायला वाट द्यावीच लागते. पाऊस पडला, हवेत ओल आली की पाण्याची वाफ होणे मंदावते. म्हणून जूनच्या मध्यानंतर कूलरसमोर बसूनही चिकचिक होते.

हे मुलांना वर्गातच दाखवता येईल. दोन सारखे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगा. ओल्याचा पारा खाली उतरतो; दोन्हींतला फरक म्हणजे त्या दिवशीचा कूलर हवा जास्तीत जास्त किती थंड करू शकेल त्याची मर्यादा. डिसेंबरमध्ये एकदा, शाळेच्या शेवटच्या आठवड्यात एप्रिलमध्ये एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर जुलैमध्ये एकदा वाचन घ्या आणि तिन्ही आकडे मुलांनाच वहीत शेजारी शेजारी लिहू द्या. फडके स्वच्छ असू द्या आणि वाचन घेण्याआधी पारा स्थिर होईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबा.